पोटावरची पिशवी आणि समाजाची जबाबदारी

आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन एखादा कामगार घरी परततो तेव्हा सगेसोयरे, शेजारी आणि युनियनमधील सहकारी त्याला भेटून जातात. जीव वाचला याचा आनंद सर्वांनाच असतो. परंतु पुढे दोन-तीन महिने उलटले तरी तो घराबाहेर पडत नाही. सभेला येत नाही, लग्नकार्याला जात नाही, कामावर रुजू होण्याचा विषय निघाला की गप्प बसतो. लोक समजतात, अशक्तपणा असेल. खरे कारण त्याच्या घरच्यांनाच ठाऊक असते. पोटावर लावलेली पिशवी रात्री-अपरात्री सुटते, कपडे आणि अंथरूण भरते, भोवतीची कातडी सोलवटून निघते. वास येईल या धास्तीने तो लोकलमध्ये बसत नाही की एस.टी.त पाय ठेवत नाही. रोगाने घेतला नाही तो रोजगार पिशवीच्या गळतीने घेतलेला असतो.

हा विषय मलमूत्राचा म्हणून चारचौघांत काढावयाचा नाही, अशी आपली रीत आहे. तुरुंगात सफाईचे काम स्वतः मागून घेणाऱ्या आणि पुढे कणकवलीच्या गोपुरीत संडासाचे प्रयोग करणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांच्या महाराष्ट्राला ही रीत शोभत नाही. लाजेने झाकलेल्या प्रश्नाला वाचा फुटत नाही आणि ज्या प्रश्नाला वाचा नाही त्याची मागणी होत नाही. म्हणून या प्रश्नाचा विचार उघडपणे आणि तपशिलाने केला पाहिजे. पिशवी नीट बसणे हा दैवाचा भाग नाही. पोटावरील जागेची निवड, लावण्याचे शिक्षण आणि योग्य सामानाचा पुरवठा या तीन गोष्टींवर ते अवलंबून आहे. पैकी पहिल्या दोन गोष्टींना जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तिसरीला येतो, आणि तो एकट्या रुग्णावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही.

जागा कोण ठरवतो?

रोगग्रस्त भाग काढून टाकल्यावर किंवा त्याला विश्रांती देण्यासाठी शल्यविशारद आतड्याचे टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून कातडीला शिवतात. या लालसर, ओलसर तोंडाला स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टॉमी, लहान आतड्याचा असेल तर इलिओस्टॉमी आणि मूत्रासाठी केलेला असेल तर युरोस्टॉमी. काहींचा स्टोमा थोड्या महिन्यांनी बंद करता येतो, काहींना तो जन्मभर सांभाळावा लागतो. स्टोमाला झडपेसारखा स्नायू नसतो. म्हणून बाहेर पडणारा मल किंवा मूत्र धरून ठेवण्यासाठी पिशवी लागते, आणि ती कातडीला धरून राहावी यासाठी चिकट चकती लागते. तिला रुग्णालयात फ्लँज म्हणतात. सारी मदार या चकतीवर असते.

चकतीला सपाट जागा हवी. बरगडी, कमरेचे हाड, बेंबी, जुन्या टाक्यांचा वण किंवा पोटाची वळी चकतीखाली आली की ती एका कडेने सुटू लागते. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच रुग्णाला उभे करून, बसवून, वाकवून पाहावे आणि त्याला स्वतःला दिसेल व हात पोहोचेल अशी जागा शाईने खूण करून ठरवावी, हा या शास्त्रातील प्राथमिक नियम आहे. आपल्याकडे त्यात आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. लुगडे किंवा परकर नेमका कोठे आवळला जातो? धोतराची गाठ कोठे येते? रुग्ण मांडी घालून जेवतो काय? शेतात ओणवे होऊन लावणी करतो काय, की पाठीवर पोती वाहतो? लावणी करणाऱ्या बाईची खूण आणि टेबलाशी बसणाऱ्या कारकुनाची खूण एकाच जागी येईल असे नाही. ही खूण करायला दहा-पंधरा मिनिटे आणि एक पेन लागते. तातडीच्या शस्त्रक्रियेत ते नेहमीच साधणार नाही. परंतु आधी तारीख ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियेतही ही खूण राहून गेली, तर त्याची किंमत रुग्ण पुढे वर्षानुवर्षे रोज मोजत राहतो.

माप आणि हात

दुसरी गोष्ट शिक्षणाची. शस्त्रक्रियेनंतर स्टोमा सुजलेला असतो आणि पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत तो आक्रसत जातो. रुग्णालयातून निघताना कापून दिलेल्या मापाचे छिद्र दोन महिन्यांनी मोठे ठरते. मग मधल्या उघड्या कातडीवर मल साचतो आणि ती भाजल्यासारखी होते. विशेषतः इलिओस्टॉमीच्या पातळ मलात पाचक रस असल्याने हे फार लवकर घडते. म्हणून सुरुवातीच्या काळात आयते छिद्र असलेली चकती न घेता कापता येणारी घ्यावी आणि दर बदलाच्या वेळी नवे माप घ्यावे. स्टोमा बहुधा पूर्ण गोल नसतो. कागदावर त्याचा आकार उतरवून त्यावरून चकती कापणे बरे. छिद्र स्टोमापेक्षा चहूबाजूंनी सुमारे दोन मिलिमीटर मोठे असावे. त्याहून घट्ट कापले तर कड स्टोमाला काचते, आणि स्टोमाला वेदनेची जाणीव नसल्याने जखम झालेली रुग्णाला कळतही नाही. पुसताना रक्ताचे एखाद-दुसरे ठिपके दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र स्टोमाचा लाल रंग जाऊन तो जांभळा-काळा पडू लागला तर वेळ न दवडता रुग्णालय गाठले पाहिजे.

चकती बदलण्यासाठी सकाळची, काही खाण्यापूर्वीची वेळ बरी, कारण तेव्हा स्टोमा शांत असतो. सारे सामान आधी हाताशी मांडून ठेवावे. जुनी चकती ओढून काढू नये. एका हाताने कातडी दाबून धरावी आणि दुसऱ्याने चकती वरच्या कडेपासून हळूहळू सोडवत खाली यावे. कोमट पाणी आणि जुन्या सुती कपड्याचा मऊ तुकडा एवढे स्वच्छतेला पुरते. येथे आपल्या घराघरांतून होणारी एक चूक सांगितली पाहिजे. कातडी लाल दिसली की मायेपोटी तिला खोबरेल तेल लावले जाते, कोणी हळद लावतो, कोणी अंगाला लावायची पावडर, तर कोणी जंतुनाशक द्रव किंवा स्पिरिट. तेलावर आणि पावडरीवर चकती धरत नाही, आणि स्पिरिटाने सोललेली कातडी अधिकच चिडते. कातडी ओलसर, पाणावलेली असेल तर स्टोमासाठी मिळणारी पावडर चिमूटभर भुरभुरावी आणि जास्तीची झटकून टाकावी.

कातडी टिपून पूर्ण कोरडी झाल्यावर चकती दोन्ही तळव्यांत मिनिटभर धरून उबदार करावी. उबेने तिचा चिकटपणा वाढतो. नंतर मागचा कागद काढून ती खालच्या बाजूने वर अशी बसवावी, छिद्राजवळून कडेकडे बोटाने दाबत जावे आणि वर तळवा काही मिनिटे ठेवावा. लगेच वाकू नये, ओझे उचलू नये. पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करावी. ती तुडुंब भरू दिली तर तिच्या वजनानेच चकती सुटते. खाली उकिडवे बसल्याने पोटाला वळी पडून चकतीची कड उचलली जाते. म्हणून पिशवी रिकामी करताना शक्य तर उभे राहावे किंवा स्टुलावर बसावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गळती सुरू झाल्यावर वरून चिकटपट्ट्यांची ठिगळे लावून वेळ मारून नेऊ नये. ठिगळाखाली मल कोंडतो आणि कातडी जळते. गळणारी चकती काढलीच पाहिजे.

यातील एकही गोष्ट अवघड नाही. घरातील कोणीही चार वेळा पाहून शिकू शकतो. तरीही गर्दीच्या वॉर्डातून रुग्णाला सोडताना त्याच्या हाती एखाद-दोन पिशव्या आणि दुकानाचा पत्ता ठेवला जातो, आणि शिकवण्याचे काम दुकानदारावर येऊन पडते. ज्याचा हितसंबंध विक्रीत आहे त्याच्याकडे निवडीचा सल्ला सोपवणे हे कोणत्याही क्षेत्रात गैर मानले जाते. येथे ते सर्रास चालते.

निवड कोणाची, खर्च कोणाचा

आता सामानाविषयी. चकती आणि पिशवी एकत्र असलेला एकसंध प्रकार पातळ असतो, कपड्यांखाली उठून दिसत नाही आणि लावायला सोपा असतो. परंतु पिशवी बदलायची तर दर वेळी चकतीही सोलून काढावी लागते. दोन भागांच्या प्रकारात चकती तीन-चार दिवस तशीच राहते आणि पिशवी तेवढी काढून धुता येते. ज्याला पैशाची काटकसर करावयाची आहे आणि ज्याची कातडी नाजूक आहे त्याला बहुधा हा प्रकार सोयीचा. पातळ मलासाठी खालून रिकामी करता येणारी, चिमट्याने किंवा घडी घालून बंद होणारी पिशवी हवी. मूत्रासाठी तोटी असलेली आणि रात्री नळी जोडता येणारी हवी. स्टोमा कातडीच्या पातळीला किंवा खोल गेलेला असेल तर सपाट चकती टिकत नाही. तेथे आतून फुगीर असलेली चकती आणि कमरेचा पट्टा यांचा उपयोग होतो, पण तो जाणत्या परिचारिकेच्या सल्ल्याने करावा. पेस्ट ही डिंकासारखी चिकटवण्यासाठी नसून कातडीवरील खाचा बुजवण्यासाठी असते, एवढे कळले तरी पुष्कळ पेस्ट वाचते. कोकणातील पावसाळी दमटपणात किंवा भट्टीसमोर काम करणाऱ्याच्या घामात चकती लवकर सुटते. तेथे बदलण्याचे अंतर कमी ठेवावे लागते. वजन वाढले, उतरले किंवा ओझे वाहून स्टोमाभोवती हर्निया झाला तर पोटाचा आकार बदलतो आणि कालपर्यंत बसणारी चकती बसेनाशी होते. निवड ही एकदा करून संपणारी गोष्ट नाही.

मोठ्या आतड्याच्या डाव्या भागातील कायम कोलोस्टॉमी असणाऱ्या काही रुग्णांना डॉक्टरांच्या संमतीने आणखी एक मार्ग मोकळा असतो. रोज किंवा दिवसाआड स्टोमावाटे कोमट पाणी सोडून आतडे रिकामे करायचे. मग पुढच्या वेळेपर्यंत स्टोमावर लहानसे आच्छादन पुरते आणि पिशव्यांचा खर्च पुष्कळ उतरतो. परंतु या क्रियेला पाऊण ते एक तास निवांत संडास लागतो. दहा-बारा बिऱ्हाडांत एक संडास असलेल्या चाळीत किंवा सार्वजनिक शौचालयावर भिस्त असलेल्या झोपडपट्टीत तो कोठून मिळणार? म्हणजे खर्च वाचवण्याचा मार्गही ज्याच्या घरात स्वतःचा संडास आहे त्यालाच खुला. गरिबी महाग पडते ती अशी.

याच ठिकाणी साधा हिशेब मांडून पाहावा. चकती तीन-चार दिवस टिकली तर महिन्याला आठ ते दहा लागतात. नीट न बसल्याने रोज बदलावी लागली तर तीस लागतात. म्हणजे चुकीची जागा, चुकीचे माप किंवा न मिळालेले शिक्षण यांचा दंड तिप्पट खर्चाच्या रूपाने बसतो, आणि तो शिकण्याची संधी ज्याला मिळाली नाही त्यालाच बसतो. निम्म्या किमतीत मिळणारी पण एकच दिवस टिकणारी चकती दुप्पट किमतीच्या, चार दिवस टिकणाऱ्या चकतीपेक्षा महाग असते. परंतु रोजंदारीवर जगणाऱ्याच्या हाती एका वेळी एका चकतीचेच पैसे असतील, तर हा हिशेब कळूनही तो काय करणार? शेवटी पातळ प्लॅस्टिकची पिशवी, फडके आणि नाडी यांवर दिवस काढणारे लोक आहेत. त्याला निवड म्हणणे ही शब्दांची थट्टा होय.

या सामानाच्या इतिहासात आपल्या जंगलांचाही वाटा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कांडोळाच्या पांढऱ्याफटक झाडाला घाव घालून निघणारा कराया डिंक भारतातून दीर्घकाळ परदेशी जात आला. त्याची भुकटी तिकडे कवळी बसवण्यासाठी वापरली जात असे. अमेरिकेतील क्लीव्हलंडचे शल्यविशारद रुपर्ट टर्नबुल यांना १९५२ साली असे आढळले की, हीच भुकटी ओल्या, सोललेल्या कातडीवरही धरते आणि तिचे रक्षण करते. त्यातून स्टोमाभोवतीच्या कातडीच्या संरक्षणाला नवी दिशा मिळाली. पुढे डिंकाची जागा पेक्टिन, जिलेटिन आणि सेल्युलोजपासून बनवलेल्या मिश्रणांनी घेतली. डिंक गोळा करणारा आदिवासी उन्हात झाडाखाली राहिला. त्या डिंकाने ज्या धंद्याचा पाया घातला त्या धंद्याचा पक्का माल मात्र त्याच्या आवाक्यात आला नाही. आजही या बाजारावर परदेशी कंपन्यांचा वरचष्मा आहे. कच्चा माल देणारा देश आणि पक्का माल विकत घेणारा देश, हे जुने नाते एवढ्याशा चकतीतही दिसते.

शासनाने काय करावे, कार्यकर्त्यांनी काय करावे

अन्यत्र याहून वेगळे घडू शकते, याचे उदाहरण ब्रिटनचे आहे. १९४८ साली सुरू झालेल्या तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेत स्टोमाचे सामान डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते आणि इंग्लंडमध्ये कायमचा स्टोमा असणाऱ्याला त्या चिठ्ठीचे शुल्कही माफ आहे. आपल्याकडे २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत शस्त्रक्रियेचा खर्च बसतो आणि रुग्णालयातून सोडल्यानंतर पंधरा दिवसांपर्यंतचा उपचारही बसतो. पिशवी मात्र पंधरा दिवसांनी लागायची थांबत नाही. सोळाव्या दिवसापासून तिचा भार कुटुंबावर पडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगतेचे २१ प्रकार मोजले आहेत, त्यांत स्टोमाधारकांचा स्वतंत्र उल्लेख नाही. गंमत अशी की, आयात-निर्यातीच्या मालाच्या जागतिक वर्गीकरणात स्टोमाच्या सामानाला २००७ पासून स्वतंत्र क्रमांक आहे. जकात खात्याला पिशवी ओळखू येते. कल्याण खात्याला ती लावणारा माणूस ओळखू येऊ नये काय?

२०१७ साली केंद्र शासनाने हृदयातील स्टेंट आणि गुडघ्याचे कृत्रिम सांधे यांच्या किमतींना कमाल मर्यादा घातली. तेव्हा किमतीवर नियंत्रण आणणे अशक्य आहे, हे म्हणणे आता कोणी करू नये. बहुधा एकदाच बसवाव्या लागणाऱ्या वस्तूला जो न्याय लावला, तोच दर आठवड्याला लागणाऱ्या वस्तूलाही लावला पाहिजे. त्याचबरोबर शासकीय आणि महापालिका रुग्णालयांच्या औषध दुकानांतून निरनिराळ्या प्रकारच्या चकत्या आणि पिशव्या कायम उपलब्ध असल्या पाहिजेत. प्रकार निरनिराळे असावेत हा आग्रह महत्त्वाचा आहे. निविदेत सर्वांत स्वस्त ठरलेली एकच सपाट चकती हजारो निरनिराळ्या पोटांवर बसत नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात निदान एक परिचारिका स्टोमाच्या कामात प्रशिक्षित असावी, आधी ठरलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी खूण केल्याची नोंद कागदावर असावी, आणि रुग्णाने स्वतःच्या हाताने चकती बदलून दाखवल्याखेरीज त्याला घरी पाठवू नये. यातील शेवटच्या दोन मागण्यांना अंदाजपत्रकात तरतुदीची गरजही नाही.

परंतु शासनाकडे बोट दाखवून कार्यकर्त्यांचे काम संपत नाही. क्लीव्हलंडच्या त्याच टर्नबुल यांनी १९५८ साली स्टोमाची काळजी शिकवण्यासाठी नॉर्मा गिल या बाईंना नेमले. त्या डॉक्टर नव्हत्या की परिचारिका नव्हत्या. त्यांचा स्वतःचा इलिओस्टॉमीचा अनुभव हीच त्यांची विद्या होती. आज जगभर मान्यता पावलेल्या या शिक्षणशाखेचा आरंभ एका रुग्णाने केला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडेही १९७५ साली मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली, आणि टाटा स्मारक रुग्णालयातील स्टोमा क्लिनिकने असंख्य रुग्णांना आपल्या पायांवर उभे केले. मात्र मुंबईत जे मिळते ते गडचिरोलीला किंवा नंदुरबारला मिळत नाही, आणि दर गळतीला परळपर्यंतचे तिकीट काढता येत नाही.

येथे संघटनेचे सामर्थ्य कामी येईल. तालुक्यात स्टोमा असलेली माणसे किती आहेत, याची विचारपूस आरोग्यसेविकांच्या मदतीने, कोणाचे नाव उघड न करता करता येईल. ज्याची चकती चार-चार दिवस टिकते अशा जुन्या रुग्णाची नव्या रुग्णाशी गाठ घालून देता येईल. एकट्याने एक-एक चकती चढ्या भावाने घेण्याऐवजी दहा-वीस जणांनी मिळून खोका मागवता येईल. ग्राहक सहकाराचे तत्त्व जेवढे साखरेला आणि रॉकेलला लागू पडले तेवढेच येथे लागू पडते. कारखान्यात आणि एस.टी.च्या आगारात पाणी व कडी असलेला एक संडास या कामगारांना मोकळा ठेवा, अशी मागणी युनियनला करता येईल. ओझे उचलण्याच्या कामावरून हलके काम मागताना त्याच्या बाजूने बोलता येईल. स्त्रियांच्या बाबतीत तर हे सारे स्त्री कार्यकर्त्यांनीच हाती घेतले पाहिजे, कारण पुष्कळ घरांत तिची पिशवी गळते आहे हे तिच्या नवऱ्यालाही सांगितले जात नाही.

जो कामगार दोन महिने घराबाहेर पडला नाही, त्याला धीराचे शब्द अनेकांनी दिले असतील. त्याला हवी आहे ती चार दिवस न गळणारी चकती आणि ती बसवायला शिकवणारा कोणीतरी. ती मिळाली तर तो आठ दिवसांत लोकलमध्ये बसेल, महिन्याभरात कामावर जाईल आणि पुढच्या सभेला येऊन मागच्या रांगेत का होईना, बसेल. तालुक्या-तालुक्यातील कार्यकर्त्यांनी अशा एका तरी घराचे दार या महिन्यात ठोठवावे. मागण्यांचा मसुदा तेथेच, त्या माणसाच्या तोंडून लिहून घ्यावा.